हंसा मॅडमचे मंगळवार

हंसा मॅडम पेशंटचं नाव कधीच आधी विचारत नसत. स्ट्रेचर आत आलं की नातेवाइकांच्या घोळक्याकडे बघून एकच प्रश्न टाकत, तोही अहिराणीत, "शेवटला धड कोनी देखा?"

कोणी म्हणे, सकाळी सातला पडला.

"पडना कवय ते नही इचारी ऱ्हायनी. धड कवय व्हता?"

मग कोणाला तरी आठवे, की साडेसहाला चहा पिताना तो नीट बोलत होता. साडेसहा. मॅडम ती वेळ बॉलपेनने पेशंटच्या चालत्या हाताच्या तळव्यावर लिहीत. केसपेपर हरवतो, हात हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

नंदुरबारच्या ज्या खाजगी हॉस्पिटलात त्या फिजिशियन होत्या, तिथे मी सीटी स्कॅनचं मशीन चालवायचे. लकव्याचा पेशंट आला की आम्हा दोघींची गाठ पडायची. मेंदूच्या नळीत रक्ताची गुठळी अडकते, पुढचा भाग रक्तावाचून मरायला लागतो. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारी सुई देता येते. त्या सुईने काहींची गुठळी विरघळते, काहींची नाही, आणि काहींच्या मेंदूत उलट रक्तस्राव होतो. कोणाचं काय होणार, हे आधी कळत नाही. निदान पुस्तकात तरी तसंच लिहिलेलं असतं.

मॅडमना कळायचं. त्या कंट्रोल रूममध्ये चपला काढून अनवाणी येत, खुर्ची असली तरी बसत नसत, आणि नाक काचेला लागेल इतक्या वाकून स्क्रीन बघत. गुठळी स्कॅनमध्ये बारीक पांढऱ्या रेघेसारखी दिसते. ती किती लांब आहे, किती पांढरी आहे, यावरून त्या ठरवत. आखूड असली की म्हणत "तांदूळ", लांब असली की "शेवई". तांदूळ सुईने विरघळतो, शेवई सहसा विरघळत नाही. शेवईला सुरत. तिथे मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात. आमच्याकडे ती सोय नव्हती, आणि सुरत गाडीने साडेतीन तासांवर.

मूळच्या त्या तापीकाठच्या, केळी-उसाच्या घरातल्या. घरची भाषा गुजरी, गावाची अहिराणी. पण वाईट बातमी त्या नेहमी शाळेतल्या मराठीत देत. "हात येणार नाही. बोलणं येणार नाही. जीव राहील." तीन वाक्यं, मध्ये श्वासही नाही. समोरची बाई खाली बसली तर तिला उठवायला नर्सकडे बोट दाखवत आणि पुढच्या पेशंटकडे जात. मिरचीच्या हंगामात गावभर ठसका असतो, तेव्हा त्यांचे डोळे लाल दिसत. एका नव्या नर्सने भाबडेपणाने विचारलं, "मॅडम, रडलात का?" मॅडम म्हणाल्या, "मिरची आहे. तुझ्या पगारात रडणं बसत असेल, माझ्या नाही."

एकदा तळोद्याचा एक केळीचा व्यापारी आला. उजवा हात लोंबता, तोंड वाकडं. स्कॅन बघून त्या बाहेर गेल्या आणि त्याच्या भावांना म्हणाल्या, "तांदूळ आहे. सुई सुरू केली. पाऊण तासात हात उचलेल. मी चहा घेऊन येते." त्या खरंच चहाला गेल्या. परत आल्या तेव्हा व्यापारी त्याच उजव्या हाताने नाक खाजवत होता. भाऊ पाया पडायला वाकले, तर यांनी पाय मागे घेतले. "माझ्या नाही, गुठळीच्या पाया पडा. लहान होती."

तोरणमाळच्या म्हाताऱ्याच्या वेळचं मात्र मला आठवायला नको वाटतं. त्याच्या मुलाने त्याला झोळीत घालून घाटाखाली आणलं होतं, मग जीप, मग दुसरी जीप. मुलाला मराठी येत नव्हती. आमच्याकडच्या आयाबाई डोंगरातल्या, दुभाषी म्हणून त्या मध्ये पडल्या. म्हाताऱ्याला धड शेवटचं आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं. मुलगा सांगत होता, की सकाळी उठवायला गेलो तर असा पडलेला, आणि मी एक मिनिटही थांबलो नाही. मॅडम आयाबाईंना म्हणाल्या, "सांग याला, हा झोपला होता तेव्हाच वेळ गेली. आता धावून काय उपयोग."

आयाबाईंनी मुलाकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"सांग."

आयाबाईंनी सांगितलं. त्या मुलाने झोळीची काठी खाली ठेवली आणि आपल्या पायांकडे बघत राहिला. अनवाणी पाय, नखं फुटलेली. मी तेव्हा मॅडमचा मनापासून राग केला. पुढच्याच आठवड्यात मॅडम दुपारच्या वेळी आयाबाईंकडून 'कधी', 'बोलत होता का', 'सूर्य कुठे होता' हे त्यांच्या बोलीत कसं विचारायचं ते घोकत होत्या, हेही मी पाहिलं. पण त्या मुलाला त्याचं काय?

मला त्यांनी एकदाच जागा दाखवली, ती पुरेशी होती. एका पेशंटचा स्कॅन चालू असताना मी पटकन बोलून गेले, "मॅडम, ही तर लांब दिसतेय." दारात पेशंटची मुलगी उभी होती. मॅडम वळल्या आणि तिच्यासमोरच म्हणाल्या, "ज्योती, तू बटण दाब. बघायला मी आहे. मशीन बोलत नाही म्हणूनच मला ते आवडतं." मी अडतीस वर्षांची, दोन मुलांची आई. कान गरम झाले. त्यानंतर मी त्या खोलीत तोंड उघडलं नाही.

मग नवापूरकडच्या एक शिक्षिका आल्या. वेळेत आल्या होत्या, पण गुठळी शेवईसारखी. मॅडमनी त्यांच्या नवऱ्याला सांगून टाकलं, "विरघळेल असं वाटत नाही. तरी नियम म्हणून सुई देते, आणि सुरतला पाठवते." सुई दिली. अँब्युलन्स निघण्याआधीच बाईंना उलटी झाली, डोळे फिरले. पुन्हा स्कॅन केला तर मेंदूत रक्त पसरलेलं. तिसऱ्या दिवशी गेल्या. नवरा भांडला नाही, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "विरघळणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. मग दिली कशाला?"

त्या दिवशी मॅडमनी जेवणाचा डबा न उघडता परत नेला.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली होती. जवळच्या गावचे जगन पाटील एका घोडीचे दात बघताना कोसळले. पन्नाशीचा धिप्पाड माणूस. बायको सुमनबाई बरोबर होत्या, पुतण्याने गाडी पळवली. तासाभरात दारात. मॅडमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत सुमनबाईंनी सांगितलं, "दहा वाजता धड व्हतात. मन्हासंगे बोली ऱ्हायनतात. मी घड्याळ देखं." मॅडमनी त्यांच्याकडे वर बघितलं. इतकं नेमकं उत्तर त्यांना कधी मिळालं नव्हतं. पाटलांच्या डाव्या तळव्यावर दहा लिहिलं.

साधा स्कॅन झाला. लांब पांढरी रेघ. मॅडम वाकल्या, एकदा वर, एकदा खाली बघितलं आणि सरळ झाल्या. "शेवई. सुई नाही द्यायची. सुरत. आत्ता." आणि चपला घालून बाहेर गेल्या.

नियमाप्रमाणे मी रंगाचं औषध सोडून दुसरा स्कॅन चालूच ठेवला होता. त्यात रक्त कुठवर पोहोचतं ते दिसतं. गुठळीपाशी रंग अडला होता. पण पूर्ण नाही. रेघेच्या मधून, केसाएवढा, एक फिका पाझर पलीकडे गेलेला होता. पाझर असला की सुईच्या औषधालाही आत शिरायला वाट असते, हे मी मॅडमच्याच तोंडून ऐकलेलं होतं. मी पुन्हा बघितलं. होता. काचेपलीकडे मॅडम पुतण्याला गाडी लावायला सांगत होत्या. मी उठून उभी राहिले. दारापर्यंत गेले.

बाहेर सुमनबाई इथल्याच सुईचं विचारत होत्या, "मॅडम, आठेच सुई देता येवाव नही का? सुरत दूर शे."

"तिचा उपयोग होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "उगाच रक्तस्राव होईल. तुम्ही बोलण्यात वेळ घालवताय."

मी परत येऊन खुर्चीत बसले, आणि दोन्ही स्कॅन नाशिकच्या रेडिओलॉजिस्टना पाठवून दिले.

विसरवाडीपुढे एक ट्रक आडवा झाला होता. गाडी सुरतला पोहोचायला पाच तास लागले. तिथे तार घालून गुठळी काढली, पण तोवर डावा मेंदू गेला होता. तिथल्या डॉक्टरने कागद चाळत सहज विचारलं, वेळेत होते तर नंदुरबारला सुई का दिली नाही? नियम असा आहे, की पुढे तार घालायची असली तरी वेळेतल्याला सुई द्यायचीच. त्याने ते आपल्या सहकाऱ्याला विचारलं होतं. सुमनबाई मागे उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकहून रिपोर्ट आला. मॅडम पाटलांचा कालचा स्कॅन उघडून उभ्या होत्या, मला म्हणाल्या, "वाच." मी नाव वाचलं, वय वाचलं, लांबी वाचली. मग थांबले. "पुढे?" मी वाचलं, "गुठळीतून किंचित पाझर." मॅडमनी स्क्रीनवर तो शोधला. बराच वेळ वाकून राहिल्या. मग माऊस माझ्याकडे सरकवला आणि चपला हातात घेऊनच बाहेर गेल्या.

पाटील जगले. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "हां".

दीड महिन्याने, एका मंगळवारी, सुमनबाई त्यांना घेऊन आल्या. पुतण्याने चाकांची खुर्ची मॅडमच्या केबिनसमोर लावली. सुमनबाई शेजारच्या बाकावर बसल्या. नंबर लावला नाही. मॅडम राउंडला बाहेर आल्या तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "हाऊ तुम्हना पेशंट. देखी ल्या." मॅडम उभ्या राहिल्या. पाटलांच्या तोंडातून लाळ गळत होती, सुमनबाईंनी ती मुद्दाम पुसली नाही. दोन मिनिटं गेली असतील. मग मॅडम वॉर्डात गेल्या.

पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. दहाला येणार, एकला जाणार. ना तक्रार, ना अर्ज, ना कोर्ट. त्यातलं काही केलं असतं तर मॅडमना बोलता आलं असतं. बाकीचे पेशंट कुजबुजायला लागले. शेवटी मॅनेजरने तो बाक उचलून गोदामात टाकला. त्या मंगळवारी सुमनबाई खुर्चीच्या चाकाला टेकून फरशीवर बसल्या. मॅडम आल्या, बघितलं, आणि मॅनेजरला सगळ्यांसमोर असं काही बोलल्या, की तो स्वतः बाकाचं एक टोक धरून वर घेऊन आला.

मॅडम तेव्हापासून बदलल्या, पण मऊ झाल्या नाहीत. वेळेत आलेल्या प्रत्येकाला सुई द्यायला लागल्या, शेवई असो की तांदूळ. काय होईल ते सांगणं मात्र बंद. नातेवाईक गयावया करत, "मॅडम, बरा होईल ना?" त्या म्हणत, "सुई चालू आहे." लोकांना हे जास्त क्रूर वाटायचं. पूर्वी निदान त्या बोलायच्या.

आणखी एक झालं. प्रत्येक स्कॅनला त्या बाजूला सरकून मला जागा द्यायला लागल्या. "ज्योती, काय दिसतं?" मी सांगायचे. "अजून?" मी सांगायचे. "नीट बघितलंस?" मी एकूण एक गोष्ट सांगायचे, काही नसलं तरी दोनदा बघायचे. फक्त त्या एका दिवसाचं सांगितलं नाही.

दोन वर्षांनी पाटील गेले. फोन आला होता, आम्हाला कळलं होतं. तेराव्यानंतरच्या मंगळवारी दहा वाजता सुमनबाई एकट्या आल्या आणि बाकावर बसल्या. शेजारी खुर्चीएवढी जागा रिकामी.

मॅडम बाहेर आल्या. "आता कशाला आलात?"

"मंगळवार शे ना."

मॅडमनी त्यांना आत बोलावलं. मलाही बोलावलं आणि दोन वर्षांपूर्वीचा स्कॅन लावायला सांगितला. मॅडमनी पेनाचं टोक काचेवर ठेवलं. "ही गुठळी. ही बघून मी ठरवलं, की सुईचा उपयोग नाही. आणि हा बघा, इथे, हा पाझर. हा असल्यावर सुई लागू पडण्याची शक्यता असते. तसाही नियम सुई द्यायचाच होता. मी दिली नाही."

सुमनबाई काचेजवळ वाकल्या. "हाई तवय नही दिसनं?"

"बघितलंच नाही. मी आधीच ठरवलं होतं."

मी तिथेच होते, दोघींच्या मध्ये, हात माऊसवर. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"सुई दिधी असती तं त्यास्ना हात हालता का?"

"कदाचित. कदाचित रक्तस्राव होऊन त्याच दिवशी गेले असते. मला माहीत नाही."

"तुम्हले तं सगळं पहिलेच मालूम पडे."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"दोन साल मी त्यास्ले घास भरा," सुमनबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, स्वयंपाकाचं सांगावं तसा. "मी इचारू, पानी देऊ का? तं हां. दुखस का? हां. एक दिन मी इचारं, मरनं शे का? म्हनतस, हां. मन्हा जीव घाबरना. मंग इचारं, जगनं शे का? ते बी हां. आते सांगा, त्यामधलं कोनतं खरं धरू?"

मॅडम म्हणाल्या, "मला माफ करा." हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ते त्यांना नीट म्हणताही आले नाहीत. प्रिस्क्रिप्शन वाचल्यासारखे आले.

सुमनबाई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुम्हीन सांगी टाकं, तुम्हनं वझं उतरनं. मन्हं कोन उतारी?" दारात थांबून म्हणाल्या, "पुढला मंगळवारले येस मी."

आणि त्या आल्या.

त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली. शेवटच्या दिवशी मी मॅडमना भेटायला केबिनमध्ये गेले. त्या केसपेपर लिहीत होत्या. मी बरंच ठरवून गेले होते, पण दोनच वाक्यं निघाली. "मॅडम, पाटलांचा पाझर मला त्याच दिवशी दिसला होता. मी बोलले नाही."

पेन थांबलं नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. रिपोर्ट वाचताना तू त्या ओळीच्या आधी थांबलीस. ओळ वाचून कोणी थांबलं तर गोष्ट वेगळी. तू आधीच थांबलीस."

मला बसावंसं वाटत होतं, पण त्यांनी बस म्हटलं नाही. "मग इतके दिवस तुम्ही काहीच..."

"काय म्हणायला हवं होतं?" त्यांनी आता वर बघितलं. डोळे कोरडे होते. "मीच तुला गप्प बसवलं होतं, तुझी चूक नाही, हे ऐकायला आली आहेस. मी गप्प बसवलं होतं, हे खरं आहे. पण दारापर्यंत आली होतीस, मी काचेतून बघितलं. चार पावलं होती." त्या पुन्हा लिहायला लागल्या. "मी तुला मोकळं करणार नाही, ज्योती. नाशिकला घेऊन जा."

मी वळले.

"दार लावू नकोस."

मंगळवार होता. सुमनबाई बाकावर होत्या. पिशवी मांडीवर, पाय जवळ घेतलेले. मला जायला वाट मिळावी म्हणून त्यांनी पाय आणखी आत घेतले आणि ओळखीचं हसल्यासारखं केलं. त्यांना माझ्याविषयी काही ठाऊक नव्हतं. मला थांबता आलं असतं. मी जिन्यापाशी गेले आणि तिथून एकदा मागे बघितलं.

उघड्या दारातून मॅडम दिसत होत्या. त्यांनी मान वर करून बाकाकडे बघितलं. बाई बसलेली आहे एवढं पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घालून लिहू लागल्या.